फिरंगिणीचा भाऊ

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, उत्तन-डोंगरीची एसटी जिथं उभी राहायची, तिथं माझ्या वडिलांचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर पत्रा आणि दोन बाकडी. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. माझा जन्म भाईंदरचा, शाळा भाईंदरची, पण कुणी विचारलं, कुठली गं तू, की माझ्या तोंडून रत्नागिरीच यायचं. ती मी आयुष्यात एकदा पाहिली होती, तीही तापात. आमच्या वस्तीतली सगळी पोरं असंच सांगायची. राहतो तिथलं कुणीच नव्हतं.

दुकानावर बसून माणसाकडे बघायचं आणि तो कुठला ते ठरवायचं, हा तिथल्या लोकांचा आवडता उद्योग होता. धोतर कसं नेसलंय, चहा बशीतून पितोय की ग्लासातून, यावरून निकाल लागायचा. एकदा निकाल लागला की ब्रह्मदेव आला तरी तो बदलत नसे. तिचाही निकाल असाच लागला.

ती डोंगरीची सून. तिथल्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातला मधला मुलगा बोटीवर खलाशी होता. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे, तिथल्या एका बंदरात त्यानं लग्न केलं, बायकोला गावी आणलं, आईच्या हवाली केलं आणि तो पुन्हा बोटीवर गेला. वर्षाकाठी महिनाभर यायचा तेवढाच. गोवा सुटून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. फ्रॉक घातलेली, केस कापलेली आणि कुणाला न कळणारं बोलणारी बाई, म्हणजे पोर्तुगीजच असणार असं आमच्या बाकड्यावर ठरलं आणि तिला फिरंगीण हे नाव पडलं. सगळे फिरंगी गेले, ही एक तेवढी न्यायची विसरले, असा विनोद व्हायचा. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची आडनावं पोर्तुगीज होती, पण ते कुणाच्या ध्यानात येत नसे.

आठवड्याला ती बाजारासाठी भाईंदरला यायची आणि परतीच्या बसची वाट बघत आमच्या बाकड्यावर बसायची. बस कधी येईल याचा नेम नसायचा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. शाळेतून आले की ग्लास विसळायला दुकानावर बसायचे. तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि मला गप्प बसवत नव्हतं, त्यामुळे आमची जोडी जमली. मी तिला मावशी म्हणू लागले. वर्षभरात ती डोंगरीची बोली शिकली, ‘हाय’ आणि ‘न्हाय’ तर अगदी सासूच्या ठसक्यात म्हणायची. आणि मी तिच्याकडून तिची स्पॅनिश शिकले. तशी थोडीच, पण जी शिकले ती पक्की.

पहिला धडा अर्थातच तिचा स्वतःचा. ‘नो सोय पोर्तुगेसा, सोय चिलेना.’ मी पोर्तुगीज नाही, मी चिलीची आहे. हे ती मला शंभरदा म्हणायला लावायची, जणू मी म्हटल्यानं सगळ्या भाईंदरला कळणार होतं. तिच्या भाषेत देश सांगताना ‘मी एक अमुक आहे’ असं म्हणायचं नसतं, सरळ ‘सोय चिलेना’. पुरुष असेल तर चिलेनो, बाई असेल तर चिलेना. शेजारच्या देशातला पेरुआनो, त्याची बायको पेरुआना. मला त्यात काही अवघड वाटलं नाही, आपल्याकडे वसईकर आणि वसईकरीण असतातच. वडील म्हणायचे, चहाची सोय मी बघतो, बाकीची सोय तुमची तुम्ही बघा. आमची बडबड ते ऐकायचे, पण रेडिओ ऐकावा तशी.

बाकड्यावर चहाचं ओलं बोट फिरवून ती लिहूनही दाखवायची. देशाचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायचं, माणसाचं मात्र लहान अक्षरानं. ‘देश मोटा, मानूस बारीक,’ ती म्हणायची. ती भाषा स्पेनची, पण तिला कुणी स्पेनची म्हटलेलंही खपत नसे. एकदा तिनं मला विचारलं, आणि तू? मी ऐटीत म्हटलं, सोय रत्नागिरी. तिला हसू आवरेना. मग तिनं समजावलं की गाव सांगायचं तर ‘दे’ लावून सांगायचं, आणि देश सांगायचा तर मी ‘इंदिया’. पण तिच्याकडे इंदिया म्हटलं तर लोकांना तिथल्याच डोंगरातल्या जुन्या जमातीतली बाई वाटेल, म्हणून आपल्या देशातल्या माणसाला तिकडे सरसकट इंदू म्हणतात, म्हणजे हिंदू. हे तिचं आधी कौतुकानं सासूलाही सांगून झालं होतं. रोज सकाळी चर्चला जाणारी ती म्हातारी, तिला सून हिंदू म्हणतेय. आठवडाभर घरात अबोला होता.

सासूनं तिला काही कमी केलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. खायला-प्यायला, कपड्याला, आजारपणाला सगळं तिन्ही सुनांना सारखं. पण एक गोष्ट होती. सून घरात आली की तिचं माहेरचं गाव तिचं नाव होतं, ही रीत तिकडेही होती. त्या घरात थोरली गोराईवाली होती आणि धाकटी वसईवाली. म्हातारीनं अंगणातून ‘गोराईवाली’ म्हणून हाक दिली की विहिरीवरून ‘ओ’ यायची. ‘वसईवाली’ म्हटलं की मळ्यातून. आणि मधलीला हाक मारायची तर म्हातारीसुद्धा फिरंगीणच म्हणायची. बाजारात लोक काय म्हणतात याचं मावशीला फारसं वाटत नव्हतं. पण घरात, दोन जावांच्या मधे, आपल्याला तेवढं गाव नाही हे तिला रोज लागायचं. एवढ्या लांबून आली ती, आणि तिला हवं होतं ते एवढंच.

डोंगरीच्या सणाला मी आईबरोबर त्यांच्याकडे गेले होते. मी आगाऊच. म्हातारीला सरळ म्हटलं, आजी, तुम्ही हिला चिलेना का नाही म्हणत, तिच्या देशातल्या बाईला तेच म्हणतात. म्हातारी रागावली नाही. तांदूळ पाखडत म्हणाली, ‘पोरी, गोराईला आमी जेवलाव, वसईला जेवलाव. इच्या घरी आमचा कोन जेवलाय?’ मी म्हटलं, तुमचा मुलगा जेवला असेल की. ‘त्यो खलाशी. त्यो सगल्या बंदरावर जेवतो. न्हाय त इचा कोन मानूस आमच्या घरी जेवाया येऊ दे. मंग मारीन हाक.’

तेव्हा मला ती दुष्ट वाटली. आज वाटत नाही. म्हातारीच्या लेखी गावाचं नाव म्हणजे काही चिठ्ठी नव्हती की कुणालाही चिकटवावी. ज्या घराचं अन्न पोटात गेलं त्या घराची ती पावती होती. मावशीनं ते ऐकलं आणि मनावर घेतलं. तिचा धाकटा भाऊ त्यांच्याच देशाच्या बोटीवर होता आणि ती बोट कधीमधी मुंबईला लागायची. नवऱ्याच्या एका सोबत्याजवळ तिनं तोंडी निरोप पाठवला, की मुंबईला आलास की भाईंदरला उतर आणि चिलेना कुठं राहते विचार.

मी म्हटलं, अगं, डोंगरी सांगायचंस ना. ती म्हणाली, ‘डोंगरी मुंबईत पन हाय, गोदीच्या बाजूला. त्यो चुकंल. भाईंदर एकच हाय. न चिलेना पन एकच हाय.’ तिचं म्हणणं बिनतोड होतं. बाजारात ती कुणाशीही बोलायची तर आधी सोय चिलेना म्हणायची, त्यामुळे सगळ्यांना ते ठाऊक आहे असं तिला वाटायचं. तिच्या नावानं विचारून उपयोग नव्हता. तिचं नाव येशूच्या आईचं, आणि त्या नावाच्या बाया उत्तन-डोंगरीत घरटी एक.

फिरंगिणीचा भाऊ येणार ही बातमी पसरली. म्हातारीनं त्याच्यासाठी एक बदक राखून ठेवलं. सणाला कापू दिलं नाही, पाहुण्यांना कापू दिलं नाही. माझ्या वडिलांनी बोरिवलीहून फुलाफुलांचा कप आणि बशी आणली, कारण फिरंगिणीचा भाऊ आपल्या दुकानावर उतरणार आणि चहा ग्लासातून पिणार का? तो कप फळीवर पालथा ठेवलेला असायचा. एसटीवाले, मिठागरातले, वाणी, सगळे वाट बघायचे. उंच गोरा साहेब येईल, डोक्यावर हॅट असेल, असं बोललं जायचं. कुणी पांढरपेशा पारशी उतरला तरी वडील कप सुलटा करायचे.

असे किती महिने गेले सांगता येणार नाही. दिवाळी होऊन गेली होती. मी शाळेतून आले तर वडील खुशीत होते. म्हणाले, आज एक गंमत झाली. दुपारच्या गाडीनं एक माणूस उतरला. बुटका, काळासावळा, दाट केसांचा, काखेत कापडाचं गाठोडं. त्याला ना हिंदी येत होतं, ना मराठी, ना इंग्रजी. एसटीचा कंडक्टर म्हणाला नेपाळी आहे. मिठागराचा मेहता म्हणाला, ब्रह्मदेशातून आलेला दिसतोय. वाण्यानं मद्रासी ठरवला आणि हातवारे करून इडली विचारली. तासभर त्याच्यावरून वाद चालला होता, म्हणे. मधेच त्यानं मेरीमातेचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला की याला चर्चला जायचंय. तिथं पोचवला. दुपारचं दार बंद होतं. पायरीवर गुडघे टेकून परत आला आणि पुन्हा तेच विचारायला लागला. हात खांद्याइतका वर धरून काहीतरी दाखवायचा. शेवटी वडिलांनी त्याला चहा पाजला आणि स्वतः प्लॅटफॉर्मवर नेऊन परतीच्या गाडीत बसवून दिलं. शेजारच्या माणसाला सांगितलं, बाबा रे, याला चर्चगेटला उतरव. वडिलांना फार पुण्याचं काम केल्यासारखं वाटत होतं.

मी विचारलं, काय विचारत होता तो?

‘चिलेना का काहीतरी. कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, पण आठवेना.’

मी म्हटलं, ‘बाबा, तो मावशीचा भाऊ.’

वडील म्हणाले, ‘फिरंगिणीचा? अगं, पण तो तर आपल्यासारखाच होता.’

त्यांनी फळीवरच्या कपाकडे बघितलं. तो तसाच पालथा होता. मग ते खाली बसले. नंतर म्हणाले, डोळे तिचेच होते गं. आता कळतंय. मला अजून वाटतं, त्या दिवशी शाळेला सुट्टी असती तर काय बिघडलं असतं. सगळ्या भाईंदरात तो शब्द कळणारी मी एकटी, आणि मी वर्गात बसून नद्यांची नावं पाठ करत होते. त्यानं नुसतं फिरंगीण कुठं राहते असं विचारलं असतं तर शेंबड्या पोरानं त्याला बोटाला धरून नेलं असतं. पण त्याला ते कसं सुचणार? बहिणीनं सांगितलेला शब्द बरोबर होता आणि तोच कुणाला माहीत नव्हता.

दुकान तसंच टाकून आम्ही संध्याकाळच्या बसनं डोंगरीला गेलो. वडिलांनीच सांगितलं, काही न लपवता. मावशी भात वाढत होती, ती उभीच राहिली. दोघी जावा तोंडाला पदर लावून होत्या. मावशीनं भाऊ कसा दिसत होता ते विचारलं नाही, काय म्हणाला ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘जेवला का त्यो कुठं?’

वडील म्हणाले, ‘चहा प्याला. ग्लासातून.’

म्हातारीनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं म्हातारी, मावशी आणि माझे वडील मुंबईच्या गोदीवर गेले. म्हातारीनं सणाचं लुगडं नेसलं होतं. ती बोट पहाटेच सुटली होती. कुणी सांगितलं, ती आता या बाजूला येणार नाही, कंपनीनं तिला दुसरीकडे लावलंय. तसंच झालं. त्या गाठोड्यात काय होतं ते कुणाला कधीच कळलं नाही.

पुढच्या रविवारी वडिलांनी तो फुलाफुलांचा कप आणि बशी माझ्याजवळ देऊन मला डोंगरीला धाडलं. त्यांना तो डोळ्यांसमोर नको झाला होता. म्हातारी ओट्यावर बसली होती. कप तिनं पदरात घेतला, आणि मला जवळ बसवून हळूच विचारलं, काय ते सणाच्या दिवशी सांगितलेलंस ते नाव, पुन्हा सांग. मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघितलं. तिची रीत तिनं कधी मोडली नसेल, धान्य मोजताना मापावरची शिगही न मोडणारी बाई ती. पण ती उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि विहिरीच्या दिशेनं तोंड करून तिनं हाक मारली, ‘चिलेना’. अगदी स्वच्छ, माझ्यापेक्षाही स्वच्छ.

विहिरीवर मावशी पाठमोरी होती. तिला ऐकू गेलं, तिचा हात राहाटावर थांबला हे मी बघितलं. पण ती वळली नाही. म्हातारीनं पुन्हा तीच हाक मारली नाही. थोडं थांबून ती म्हणाली, ‘अगो फिरंगीण’. तेव्हा विहिरीवरून ‘ओ’ आली.

मावशी बसपर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. म्हटलं, एवढं हवं होतं ना तुला? ती म्हणाली, ‘कोन जेवलाच न्हाय. मंग नाव कशाचं?’ सासूची रीत तिनं सासूपेक्षा घट्ट धरली होती. मला वाटलं, चार दिवसांनी राग जाईल. म्हातारी पुन्हा हाक मारील, ही ओ देईल. पण म्हातारीलाही मान होता. ती दुसऱ्यांदा त्या वाटेला गेली नाही, आणि त्यानंतर फार जगलीही नाही. ती गेल्यावर सुनांना माहेरच्या गावानं हाक मारणारं त्या घरात कुणी राहिलं नाही. गोराईवाली आणि वसईवाली एकमेकींना नावानं बोलवायला लागल्या.

वडिलांनी त्या दिवसानंतर माणसं ओळखण्याचा खेळ सोडला. कुणी अनोळखी दुकानावर आला आणि बाकड्यावरच्यांनी ‘कुठले तुम्ही’ सुरू केलं, की वडील त्यांना गप्प करायचे आणि आधी विचारायचे, कुणाकडं जायचंय? मरेपर्यंत त्यांनी हे पाळलं. ज्याच्यासाठी पाळायला हवं होतं तो येऊन गेला होता.

माझं लग्न झालं ते पुढच्या दशकात, पेणजवळच्या एका गावात. माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून जायला घरात बाईमाणूस नव्हतं, आई अंथरुणाला खिळलेली. आईनंच मावशीला विचारलं. नात्यातल्यांनी नाकं मुरडली, पण मावशी आली. साडी नेसून, केसांचा अंबाडा घालून. सासरच्या बायकांनी तिला निरखलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या? मी कान टवकारले. ती म्हणाली, डोंगरीची. पुढे कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझं बिनसलं. मी केलेला चहा पाणचट म्हणून सासूबाईंनी सगळ्यांसमोर नाक उडवलं. चहावाल्याच्या मुलीला! मी मागच्या खोलीत जाऊन फुगून बसले. थोड्या वेळानं अंगणातून सासूबाईंची हाक आली, ‘भाईंदरवाली, ए भाईंदरवाली.’ आमच्याकडचं लग्नाचं जेवण जेवून आल्या होत्या त्या, नाव ठेवायला मोकळ्या होत्या. जन्मभर मी लोकांना रत्नागिरी सांगत आले, आणि यांनी मला न विचारता भाईंदरची करून टाकली. मी तोंड फिरवून बसले. मारू देत हाका.

मावशी दारात बसून माझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिनं घडी खाली ठेवली आणि ती माझ्याजवळ आली. ‘ओ दे, पोरी,’ ती म्हणाली. ‘मी न्हवती दिली. मंग ती पुन्ना कंदी आलीच न्हाय.’

इतक्या वर्षांत त्या हाकेबद्दल ती एवढंच बोलली. बाहेरून सासूबाईंनी पुन्हा हाक मारली, या वेळी जरा हळू. मी उठले आणि ओ दिली. पण माझा आवाज निघायच्या आधी मावशीचे ओठ हलले होते.